सात नंबरचा सिलेंडर

वाशीमात माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवर एक फोटो लावलेला आहे. पाण्याखाली मी आहे, पाठीवर सिलेंडर आहे आणि बाजूला हातभर अंतरावर एक मोठं कासव. मोटर घेऊन आलेलं गिऱ्हाईक तो फोटो पाहून विचारतंच, "रशीदभाऊ, हे तुमी? समुद्रात? वाशीमचा मानूस तिथं काय करून राह्यला होता?"

मी सांगतो, "हवा भरत होतो."

गिऱ्हाईक हसतं. त्याला वाटतं, सायकलच्या चाकात.

या अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की तुमच्या समुद्रातल्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. मी हो म्हणालो. गमती होत्याच. पण मला लिहायचं आहे ते हलकं नाही, आणि ते लिहायला मला एका बाईने लावलं आहे. ते पुढे येईलच.

माझे अब्बा विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे. पाईप तुटून मोटर विहिरीत पडली की मला खाली सोडत. श्वास धरून बुडी मारायची, मोटरीला दोर बांधायचा आणि वर यायचं. वाशीम ते मंगरूळपीर या पट्ट्यातल्या किती विहिरींचा तळ मी हाताने चाचपला असेल, मोजदाद नाही. मॅट्रिकनंतर कॉम्प्रेसरचं काम शिकलो, कोकणात एका बंदरावर गेलो, तिथे पाण्याखाली वेल्डिंग करणाऱ्या पाणबुड्यांना हवा पुरवू लागलो, स्वतःही सिलेंडर लावून उतरायला शिकलो. तिथून एका संशोधन संस्थेच्या बोटीवर लागलो. लक्षद्वीपच्या समुद्रात त्या बोटीवर माझी उणीपुरी एकोणीस वर्षं गेली.

काम काय होतं ते सांगतो. वस्तीच्या बेटावरून सामान भरून आम्ही निघायचो आणि दिवसभर चालून अशा जागी जायचो जिथे बेटही नाही. पाण्याखाली प्रवाळाचा भला मोठा बांध, ओहोटीला त्याच्यावर वाळूची एक पट्टी उघडी पडते, भरतीला तीही जाते. चहूकडे पाणी. तिथे नांगर टाकून दहा-बारा दिवस राहायचं. संशोधक मंडळी खाली उतरून तळावर टेप अंथरायची आणि टेपेच्या दोन्ही अंगांना काय काय जिवंत आहे ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायची. मासे, कासवं, प्रवाळ, शिंपले. पुन्हा दुसऱ्या वर्षी तिथेच जाऊन तेच मोजायचं. म्हणजे काय वाढलं, काय मेलं ते कळतं. तलाठी पीकपाहणी करतो, तशीच ही समुद्राची पीकपाहणी.

एक प्रोफेसर होते, त्यांचा एका जातीच्या माशावर जीव होता. आठ दिवस रोज एकाच कपारीसमोर बसायचे. नवव्या दिवशी तो मासा बाहेर आला, प्रोफेसरांच्या कॅमेऱ्यापुढे अगदी नवरदेवासारखा उभा राहिला. वर येऊन पाहतात तो कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकणच काढलेलं नव्हतं. प्रोफेसर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. जेवले मात्र व्यवस्थित.

आता हवेचं. लोकांना वाटतं, सिलेंडरात ऑक्सिजन असतो. नसतो. आपण श्वासात घेतो तीच साधी हवा असते, फक्त दाबून दाबून भरलेली. कॉम्प्रेसर एका लांब पाईपाने हवा ओढतो आणि सिलेंडरात कोंबतो. आमचा कॉम्प्रेसर पेट्रोलच्या इंजिनावर चालायचा. इंजिन आलं की धूर आला. म्हणून या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम एवढाच की पाईपाचं तोंड उंचावर आणि धुराच्या वरच्या वाऱ्याला, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला पाहिजे. चुलीच्या धुराकडे तोंड करून कोणी बसत नाही, तितकी सोपी गोष्ट. पण नांगरलेली बोट एका जागी राहत नाही. पाण्याची ओढ बदलली की ती गिरकी घेते आणि मघाचा वरचा वारा खालचा होतो. म्हणून हवा भरणाऱ्याने जागचं हलायचं नाही. दोरीला बांधलेल्या कापडाच्या चिंधीकडे बघत बसायचं. शंका आली तर भरलेला सिलेंडर सोडून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचा. एका सिलेंडरला अर्धा तास.

हे काम मी इतकं चोख करायचो की बोटीवर "रशीदची हवा" असा शब्दच पडला होता. कोणी ताजातवाना वर आला की सारंग कासमी म्हणायचा, "रशीद की हवा खाके आया है." कासमी तिथलाच, मिनिकॉयचा, बोट चालवायचा आणि जेवणही बनवायचा. मला त्या शब्दाचा फार गर्व होता. माणसाला ज्याचा गर्व असतो तिथेच तो खोटं बोलतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी श्रुती बोटीवर आली. चोवीस वर्षांची, वाशीमची. जैन घरातली, वडिलांचं कापडाचं दुकान. मोहिमेचे प्रमुख पुण्याचे होते, त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. त्यांनी तिची ओळख करून दिली तेव्हा मी विचारलं, "वाशीमात कुठं राह्यते बाई तू?" तिने एकदम डोळे मोठे केले.

"बाप्पा! चाचा, तुमी आपल्या इकडचे?"

त्या क्षणापासून मी तिचा चाचा झालो. माशांशिवाय दुसरं न खाणाऱ्या बोटीवर ती कांदा-लसूणसुद्धा खायची नाही आणि सूर्य बुडायच्या आत जेवायची. कासमीने तिच्यासाठी खोबऱ्याच्या दुधातली डाळ शोधून काढली. पुढे तीच डाळ आम्ही सगळेच मागायला लागलो.

ती समुद्रकाकडीवर अभ्यास करत होती. समुद्रकाकडी म्हणजे तळाच्या वाळूत लोळणारा, हातभर लांबीचा, बिनडोक्याचा प्राणी. दिसायला अगदी ओंगळ. चोरून पकडून तो परदेशात विकतात. मी म्हणायचो, "एवढ्या सुंदर समुद्रात तुले हेच सापडलं?"

"चाचा, वावरात गांडूळ जे करते ना, थेच हे वाळूत करते. थे गेलं तर समदं मरते. सुंदर असनाऱ्यांकडे पाहाले लोक आहेत. याच्याकडे कोन पाह्यते?"

पाण्यात ती शांत असायची. नवी पोरं हातपाय मारून हवा लवकर संपवतात. ती वर यायची तेव्हा सिलेंडरात निम्मी हवा शिल्लक असायची. मी सरांना म्हटलंही होतं, "सर, ही पोरगी पाण्याचीच आहे."

मोहिमेचा नववा दिवस. दुपारची उडी बाकी होती. मी कॉम्प्रेसर लावून बसलो होतो. चार नंबर आणि सात नंबर असे दोन सिलेंडर जोडले होते. तेवढ्यात कासमी ओरडला. बोटीच्या डाव्या अंगाला देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, आली होती. अंगावर पांढरे ठिपके, आमच्या निम्म्या बोटीएवढी, आणि स्वभावाने गाय. ज्यांच्या हाताशी पाण्यातले चष्मे होते त्या सगळ्यांनी उड्या मारल्या. मीही मारली. पंधरा मिनिटं मी तिच्या बाजूने पोहलो. तिच्या पाठीवरचे ठिपके उन्हात हलत होते आणि मी लहान पोरासारखा खूश होतो.

वर आलो तर बोट फिरली होती. चिंधी उलटी उडत होती. इंजिनाचा धूर सरळ पाईपाच्या तोंडावर जात होता. किती वेळ, ते मला सांगता येत नव्हतं. पाच मिनिटं असेल, पंधरा असेल. दोन्ही सिलेंडर जवळजवळ भरले होते.

नियम मला पाठ होता. सोडून द्यायचे. पण सर घाई करत होते, ओढ थांबलेली आहे तोवरच उतरता येईल म्हणून. दोन सिलेंडर पुन्हा भरायचे तर उडी गेली. आणि का गेली, ते सांगावं लागलं असतं. रशीद जागेवर नव्हता, हे सांगावं लागलं असतं. मी सात नंबरची चावी किंचित उघडून वास घेतला. काहीच वास नव्हता. वास येणारच नव्हता. फिल्टरमधला कोळसा धुराचा वास खातो, त्यातलं विष खात नाही. हे मला माहीत होतं, मीच नव्या पोरांना शिकवायचो. तरी मी स्वतःला म्हटलं, वास नाही म्हणजे ठीक आहे.

सरांनी आधीचा भरलेला सिलेंडर घेतला. श्रुतीला सात नंबर गेला, चार नंबर तसाच राहिला. मी स्वतःच्या हाताने तिच्या पाठीवर चढवला, पट्टे आवळले. ती म्हणाली, "चाचा, आज शंभरी गाठतो काकड्यांची."

अठरा मीटर खाली गेले दोघं. वर जे विष नुसतं डोकं दुखवतं, ते तिथल्या दाबाखाली भान घालवतं. वीस मिनिटांनी पाणी फुटलं आणि सर तिला धरून वर आले. ती ओकत होती. ओठ थरथरत होते. आम्ही तिला वर ओढलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. तिची पाटी माझ्या हातात आली. सुरुवातीचे आकडे रेखीव होते. मग तोच आकडा चार वेळा. मग अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली. मग नुसत्या रेघा.

सर धापा टाकत म्हणाले, "अचानक वर पळायला लागली. मी पकडली नसती तर फुप्फुसं फाटली असती. काय झालं हिला?" मग माझ्याकडे वळले. "रशीद, हवेत काही दोष? माझ्या पेटीत तपासायची नळी आहे. काढू का?"

श्रुती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर पडली होती. मास्कच्या प्लास्टिकवर तिचा श्वास उमटत होता. डोळे उघडे होते.

मी म्हणालो, "कशाला सर? मी स्वतः वास घेऊन दिलाय. हवा बरोबर होती."

सरांनी मान हलवली. नळी काढली नाही. माझ्या शब्दापुढे नळीची गरज त्यांना वाटली नाही, इतका माझा शब्द मोठा होता.

मास्क बाजूला करून श्रुती पुटपुटली, "चाचाच्या हवेत काही नसते सर. मीच घाबरली असन."

दिवस उतरायला लागला तेव्हा मी मागच्या टोकाला गेलो आणि सात नंबर उघडला. उरलेली हवा सूं करत गेली. मग चार नंबर उघडला. दोन्ही रिकामे झाले. आता नळी काढली असती तरी काही सापडलं नसतं.

वस्तीच्या बेटावर पोहोचायला एक दिवस लागला. तोवर ऑक्सिजनने ती बरी झाली होती. डॉक्टरला काही सापडलं नाही. सरांनी अहवालात लिहिलं की पाण्याखाली घाबरगुंडी उडते, खोल उतरण्यास योग्य नाही. सर वाईट नव्हते. तिचा जीव वाचावा म्हणूनच त्यांनी ते लिहिलं. जाताना ती माझ्या पाया पडली. "चाचा, वाशीमले आले की घरी या." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात.

त्यानंतर मी नऊ वर्षं बोटीवर होतो. कॉम्प्रेसरपासून एक पाऊल हललो नाही. पुन्हा देवमुशी आली, डॉल्फिन आले, मी चिंधीकडे बघत बसलो. लोक म्हणत, रशीदसारखा माणूस नाही. मी ऐकून घ्यायचो.

निवृत्त होऊन वाशीमला आलो. चौकशी न करताही कळलं की श्रुतीने समुद्राचा अभ्यास सोडला, लग्न झालं, आसेगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज वाशीमहून जाऊन-येऊन. तिच्या वडिलांच्या दुकानाचा रस्ता मी टाळू लागलो. कापड घ्यायचं असलं तर बायको जरीनाला एकटीला पाठवायचो. ती म्हणायची, "त्या दुकानाचं तुमाले काय वाकडं आहे?" मी पिशवी तिच्या हातात द्यायचो.

मागच्या हिवाळ्यात श्रुतीचाच फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "चाचा, गावात येऊन पाच वर्षं झाले न् भेटले नाई? आमच्या शाळेत या. पोरायनं समुद्र पाह्यला नाई. तुमी सांगा."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. गेलो.

मुलं जमिनीवर बसली होती. श्रुतीच्या केसांत थोडी चांदी आली होती. तिने माझी ओळख करून दिली. "हे रशीदचाचा. समुद्राखाली मानसं यांच्या भरोशावर उतरत. मी एकदा खाली घाबरली. चूक माही होती. यायनं ऑक्सिजन लावून मले वाचवलं."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मंग तुमी परत काहून नाई गेल्या?"

श्रुती हसली. "भित्र्या मानसाचं थे काम नाई, बेटा. आपल्याले काय जमत नाई, हेबी शिकाव लागते."

मग मी बोललो. कासवं सांगितली, देवमुशी सांगितली, प्रोफेसरांचं झाकण सांगितलं. मुलं पोट धरून हसली. मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजत होत्या आणि मला शालीखाली घाम फुटला होता.

ती मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. मी नारळ बाकावर ठेवला आणि म्हणालो, "श्रुती, तू घाबरली नव्हती. हवा खराब होती. मले माहीत होतं."

मग सगळं सांगितलं. देवमुशी, चिंधी, वास घेणं, कोळसा. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "कोनता सिलेंडर?"

"सात नंबर."

"अजून एक होता ना?"

"चार नंबर. दोन्ही मी सोडून देले. संध्याकाळी."

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्या पाह्यलं होतं तुमाले. मांगं बसून, सिलेंडरवर वाकून. मले वाटलं, चाचा माह्यासाठी दुवा मांगून राह्यले."

ती माझ्याकडे वळली.

"चौदा वर्षं चाचा. चौदा वर्षं मी स्वतःले भित्री समजून राह्यली. पोरीले टाक्याजवळ जाऊ देत नाई. नऊ वर्षांची आहे, पोहाले शिकतो म्हनून रडते. मी तिले म्हनते, आपल्या रक्तातच भेव आहे."

एसटी आली. तिने ती थांबवली आणि मला म्हणाली, "तुमी या गाडीनं जा. मी दुसरीनं येतो." मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर ती बाकावर बसली होती, नारळाच्या बाजूला. नारळ मी विसरलो होतो.

आठ-दहा दिवसांनी ती दुकानात आली. बसली नाही. उभ्यानेच बोलली. "सरले लिहून द्या, जसं झालं तसं. आन् कुठंतरी छापूनबी आलं पाह्यजे. माह्याबद्दल कागदावर लिहिलं गेलं होतं, आता हेबी कागदावर पाह्यजे."

मी म्हणालो, "लिहितो. बेटा, माफ..."

"थांबा. खराब हवा भरली, थे मी माफ करीन एखाद्या वेळी. मोठा मासा पाहून मीबी उडी मारली असती. पन मी तिथं पडली होती, ऐकून राह्यली होती, न् तुमी म्हनलं का हवा बरोबर होती. त्याचं काय करू मी?"

ती दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली.

सरांना पत्र लिहिलं. ते आता पुण्यात असतात, सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा फोन आला. मला वाटलं, शिव्या देतील. आधी त्यांनी श्रुती कुठे असते ते विचारलं. मग म्हणाले, "नळी माझ्या पेटीत होती, रशीद. दोन मिनिटांचं काम होतं." त्यांनी श्रुतीला वेगळं पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "वारा फिरला आणि घात झाला." तिने लाल पेनाने ते वाक्य काढून टाकलं आणि बाजूला लिहिलं, "वारा खोटं बोलला नाही." बाकी कुठे हात लावला नाही. मात्र तिचं नाव बदलू का विचारलं तेव्हा म्हणाली, "कायले? हेच ठेवा."

उन्हाळ्यापासून दर रविवारी ती मुलीला घेऊन रेल्वेने अकोल्याला जाते, पोहण्याच्या तलावावर. हे मला तिच्या वडिलांकडून कळलं. आता मी त्या रस्त्याने जातो. मी फोन करून विचारलं होतं, "मी येऊ का? पोरीले शिकवतो." आयुष्यभर तेच तर केलं, माणसं पाण्यात सोडली आणि वर घेतली.

"नाई चाचा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पान्यात असताना मले काठावर तुमी नाई पाह्यजे."

बरोबर आहे. मी गेलो नाही.

परवाच्या रविवारी दुपारी मी एका मोटरीचं वायंडिंग करत बसलो होतो. फोन वाजला. मागे पोरांचा गलका, पाण्याचे आवाज. श्रुती होती. तिला धाप लागली होती.

"चाचा, मी खोल बाजूले गेली होती. तळाशी जाऊन बसली. डोळे उघडे ठेवून. श्वास संपेपर्यंत."

"मंग?" मी विचारलं.

"काही झालं नाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.